विमानांना धोकादायक ठरणारे हिमकणांचे ढग उपग्रहावरून ओळखता येतात का?

येतात, पण थेट नाही. उपग्रह शक्यता सांगतो.

मुळात हे कण विमानातल्या वेदर रडारला जेमतेम दिसतात. ते रडार पावसाचे थेंब छान पकडतं, पण मोठ्या गडगडाटी ढगांच्या वरच्या भागातले बारीक, दाट हिमकण त्यातून निसटतात. पंखांवरून ते उडून जातात. इंजिनाच्या उबदार कॉम्प्रेसरमध्ये (हवा दाबणाऱ्या भागात) मात्र अर्धवट वितळून चिकटतात आणि इंजिनाची ताकद घटते. 2009 मध्ये एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या विमानात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या अशाच कणांनी थोडा वेळ बुजल्या होत्या (अपघात तेवढ्यानेच झाला नाही, हेही खरं).

भूस्थिर उपग्रह दर 10-15 मिनिटांनी ढगमाथ्याचं तापमान इन्फ्रारेडमध्ये मोजतात. माथा ट्रोपोपॉजइतका (हवामान घडणाऱ्या खालच्या थराच्या वरच्या सीमेइतका) किंवा त्याहून थंड आहे का, त्या सीमेतून वर घुसलेला ढगाचा घुमट जवळपास आहे का आणि दिवसा ढग किती जाड दिसतो, यावरून असे हिमकण असण्याची संभाव्यता काढण्याची पद्धत नासाच्या लँगली केंद्राने बसवली. पडताळणीसाठी 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनजवळ आणि 2015 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातील केयेनजवळ संशोधन विमानं खरोखर अशा ढगांतून नेली गेली.

खरी मर्यादा अशी की उपग्रहाला माथाच दिसतो, पोट नाही. वादळ ओसरल्यावरही त्याचा पसरलेला थंड छत्रीसारखा भाग तासन्‌तास टिकतो आणि खोटा इशारा मिळू शकतो. त्यामुळे माझ्या मते मार्ग आखताना हे संभाव्यतेचे नकाशे फार उपयोगी आहेत, पण कॉकपिटमधल्या रडारची जागा ते घेणार नाहीत.