'संयुक्त संस्थाने' की 'संयुक्त राज्ये'?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत राजा नव्हता, संस्थानिक नव्हते, मग मराठीत 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' का? सरळ 'राज्ये' का नाही?

आजच्या टेक्सस-कॅलिफोर्नियाविषयी लिहिताना मीही 'राज्य'च लिहितो. देशाच्या नावातलं 'संस्थाने' मात्र माझ्याने सोडवत नाही.

४ जुलै १७७६ ला तेरा वसाहतींनी ब्रिटनशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. पुढे ९ सप्टेंबरला त्यांच्या काँग्रेसने ठराव केला की नेमणूकपत्रांत आणि इतर दस्तऐवजांत 'युनायटेड कॉलनीज' असेल तिथे यापुढे 'युनायटेड स्टेट्स' लिहावं. 'स्टेट' म्हणजे तेव्हा सार्वभौम देश. आपल्या कानाला 'राज्य' म्हटलं की दिल्लीच्या केंद्राखालचं महाराष्ट्र किंवा कर्नाटक आठवतं. त्या तेरांचं तसं नव्हतं. १७७७ मध्ये काँग्रेसने संमत केलेला आणि १ मार्च १७८१ पासून अमलात आलेला त्यांचा पहिला करारनामा दुसऱ्याच कलमात सांगतो की प्रत्येकाचं सार्वभौमत्व ज्याचं त्याच्याकडे राहील. मोठं व्हर्जिनिया असो की चिमुकलं ऱ्होड आयलंड, मत एकेकच. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नाही, पैसे मागायचे फक्त. आयातीवर पाच टक्के जकात घ्यायचं ठरलं, तर १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि ते बारगळलं. अशा बदलाला तेराही जणांचा होकार लागे. १७८३ च्या पॅरिसच्या तहातही इंग्लंडच्या राजाने तेराही नावं एकेक करून घेतली आहेत.

म्हणून या व्यवस्थेला 'संघराज्य' म्हणणं मला चूक वाटतं. 'राज्यमंडळ' म्हणावं. संघराज्य आलं ते १७८९ मध्ये, नव्या राज्यघटनेसोबत.

आता 'संस्थान'. आक्षेपात तथ्य आहे. सांगली, औंध इथे गादी होती, पण संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती. त्या तेरांकडे गादी नव्हती, सार्वभौमत्व होतं. पण शेगावच्या संस्थानात कुठे राजा आहे? शब्दाच्या मुळाशी राजा नाहीच, तिथे 'सम्' आणि 'स्था' आहे: नीट उभं असलेलं. 'स्टेट' ज्या लॅटिन 'स्टाटुस'वरून आला त्याच्या मुळाशीही 'उभं राहणं'च आहे, आणि ते मूळ नि आपला 'स्था' धातू एकाच घरातले. इतकं जवळचं नातं 'राज्य' या शब्दाला नाही.

शिवाय आपण 'संयुक्त संस्थानांनी तह केला' असं अनेकवचन ठेवतो. इंग्रजीत आता हे नाव एकवचनी चालतं, पण गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत 'त्यांच्या अधिकाराखालील' अशा अर्थाचं अनेकवचनच आहे.