आठ जणांचं घर आणि रविवारचं मटण

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब, सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन मुलं असे आठ जण. दोन पगार येतात, बहिणीच्या घरी एकच येतो पण ते चौघंच आहेत. तरी तिच्याकडे दर रविवारी चिकन-मटण असतं आणि आमच्याकडे महिन्यातून एकदा. असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी तुमच्या दोन्ही पगारांच्या बेरजेला आठने भागा, मग बहिणीच्या पगाराला चारने, माणशी पैशात फरक असेल तर तिथेच कळेल. मटण महाग असलं की रस्सा वाढवता येतो, बटाटे टाकता येतात, पण पिसेस मोजूनच येतात ना.

पण समजा माणशी पैसे सारखेच पडले तर? भाडं, फ्रिज, टीव्ही सगळ्यांत मिळून एकच, म्हणजे मोठ्या घरात पैसा वाचून खाण्यावर जास्त जायला हवा. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये वेगवेगळ्या देशांचे आकडे तपासले तर उलटंच निघालं, माणशी खर्च तेवढाच असूनही मोठ्या घरात माणशी खाण्यावर कमी पैसे जातात, आणि गरीब देशांत हे जास्त दिसतं. का, यावर अर्थतज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

कमाईचं म्हणाल तर गाव आणि शहर बघा, शहरात माणशी खर्च जास्त असतो. २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत महिन्याच्या एकूण खर्चात अंडी-मासे-मांसाचा वाटा गावात ४.९१ टक्के आणि शहरात ३.५७ टक्के आहे. वाटा शहरात कमी दिसतो, पण रुपयांत बघितलं तर गावात महिन्याला माणशी साधारण १८५ आणि शहरात २३० (यात शाकाहारी घरंही धरलीत). पैसा वाढला की ज्वारी-तांदूळ काही दुप्पट खाल्ला जात नाही, दूध, अंडी, चिकन वाढतं.

मला जास्त काळजी वाटते ती पातेल्यातून कोणाच्या ताटात काय पडतं याची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातले ५७.३ टक्के पुरुष आठवड्यातून एकदा तरी मासे-चिकन-मटण खातात, बायका फक्त ४५.१ टक्के! काही बायका उपास-वार पाळतात हे खरं, पण शेवटी जेवायला बसणारीच्या वाट्याला नुसता रस्सा येतो हेही आपण सगळ्यांनी बघितलंय.

म्हणून मटण महिन्यातून एकदाच परवडत असेल तर असू दे, मधल्या आठवड्यांत अंड्यांचा ट्रे आणा, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि माणशी मोजून वाढता येतं. आणि मटणाच्या दिवशी तुम्ही आणि जाऊबाई सगळ्यांबरोबरच पंगतीला बसा.