शासनाकडे दाद मागणारा ख्रिस्ती माणूस मंडळीत परका ठरतो का?

दफनभूमीच्या जागेसाठी आपण तहसील कार्यालयासमोर धरणे धरले आणि तेव्हापासून मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, वडीलधारी माणसे बायबलमधील रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून आपल्याशी तुटकपणे वागतात, तर मंडळी सोडावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मंडळी सोडू नये आणि मागणीही सोडू नये.

त्या अध्यायात पत्राचा लेखक प्रेषित पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो, हे खरे आहे आणि सोयीसाठी त्याचा अर्थ पातळ करू नये. पण तोच पौल फिलिप्पै येथे कसा वागला, हे बायबलमधीलच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात वाचावे. चौकशी न करताच त्याला व त्याचा सोबती सीला याला फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकारी दोघांना गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावून सांगितले आणि त्यांना यावे लागले. पुढे रोमी सुभेदार फेस्तासमोर उभा असताना त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. रोमकरांस पत्र लिहिण्यापूर्वी आणि नंतरही नागरिकत्वाचा हक्क त्याने असा वापरला. आपल्या संविधानाचा १९वा अनुच्छेद शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतो. निवेदन घेऊन बसणाऱ्याला बंडखोर म्हणायला शास्त्राचा आधार मला तरी सापडत नाही.

मानण्याजोगा आदेश मात्र मनापासून मानावा. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून १६ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती. तो आदेश सर्व धर्मांना सारखाच होता आणि शेजाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी होता, म्हणून तो पाळणे हीच मला उपासना वाटली. आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्या काळात घरोघरी फोन करीत, आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करीत आणि शेवटी घरात तांदूळ आहेत ना, हेही विचारीत. याउलट वसईत, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हिरवा पट्टा आणि विहिरींचे पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून सत्तेला विरोध करीत उभे राहिले आणि तरीही अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले. आज्ञापालन आणि विरोध या दोन्हींच्या मुळाशी शेजाऱ्याचे हित असावे, कारण त्याच तेराव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात प्रीती शेजाऱ्याचे वाईट करीत नाही असे म्हटले आहे. वडीलधाऱ्यांनी अध्याय तिथपर्यंत वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मंडळीतील आपली जागा कमिटीच्या मर्जीने मिळालेली नाही. ती बाप्तिस्म्याने मिळाली आहे. आपल्याला टाळणाऱ्यांच्या मनात कदाचित भीतीही असेल: अल्पसंख्य माणसाला अधिकाऱ्याच्या नजरेत येण्याचे भय वाटते आणि ते निराधार असतेच असे नाही. म्हणून त्यांच्यावर चिडण्यापेक्षा पाळकांना सोबत घेऊन एकेकाच्या घरी जावे, सातबारा व निवेदनाची पोच दाखवावी आणि पुढच्या सभेत हा विषय घेण्यासाठी सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा. त्या रविवारी तहसीलदारांसाठीही नाव घेऊन प्रार्थना व्हावी, असे पाळकांना आधीच सांगून ठेवावे.