होमस्कूलिंगचं ख्रिस्ती पुस्तक : ठेवायचं काय, बदलायचं काय

नमस्कार ताई,
आम्ही डॅलसजवळ राहतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही पुण्यातलं. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ. मुलगा पहिलीत असताना शेजारच्या मैत्रिणीचं बघून मी घरीच शिकवायला लागले. मैत्रीण ख्रिस्ती आहे, ती वापरायची तोच अभ्यासक्रम आम्ही मागवला. रोज काय शिकवायचं ते त्यात ओळीओळीने लिहून दिलेलं असतं आणि मला शिकवण्याचा काहीच अनुभव नव्हता. मुलांचं वाचन, अक्षर, गणित छान आहे. पण मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर सासूबाई देवपूजा करत होत्या, तर मुलगा म्हणाला, "आजी, हे तर माणसांनी बनवलंय, मग तू त्याच्याशी बोलतेस कशाला?" तेव्हापासून कोथरूडहून रोज एकच प्रश्न : पोरांना बाटवताय का? नवरा म्हणतो, चाललंय ते चालू दे. दोन वर्षांनी आम्ही बहुतेक पुण्याला परत येऊ. अभ्यासक्रम सोडून द्यावा का?

*

आधी सासूबाईंचं बघू, कारण तो भाग सोपा आहे. नातवाने विचारलेला प्रश्न उद्धटपणाचा नाही, चांगला आहे. दगडाच्या देवाबद्दल आपल्या संतांनी याहून कडक शब्दांत विचारलंय. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, आजींनाच देऊ दे. गणपतीत त्याला कॉलवर बसवा आणि आजींना सांगू दे की मूर्ती मातीची आहे हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर आधी प्राणप्रतिष्ठा करतो, आणि दिवस भरले की उत्तरपूजा करून पाण्यात सोडतो. अकरा वर्षांच्या मुलाला हे पटकन कळतं. "असं बोलू नये, पाप लागतं" एवढ्यावर विषय मिटवला, तर उत्तर फक्त पुस्तकाकडे आहे असं त्याला वाटेल. बाटण्याच्या भीतीबद्दल म्हणाल, तर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून पुण्याने टिळक-रानड्यांनाही सोडलं नव्हतं, वर्षानुवर्षं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, चाललं. टिळक शेवटपर्यंत टिळकच राहिले. सासूबाईंना ही आठवण माझ्यातर्फे करून द्या, रागावल्या तर माझं नाव सांगा.

आता नवऱ्याचं. पुण्यातले बरेच बाबा मला हेच ऐकवतात : "आम्ही नाही का कॉन्व्हेंटमध्ये शिकलो? सकाळी येशूची प्रार्थना म्हणायचो, संध्याकाळी शुभं करोति. काही बिघडलं का?" नाही बिघडलं. पण यात एक गफलत आहे. कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स जेझुइट पाद्र्यांनी 1867 मध्ये काढली, प्रार्थना ख्रिस्ती, नाताळचं नाटक ख्रिस्ती, पण राज्य मंडळाच्या शाळेत दप्तरातलं विज्ञानाचं पुस्तक सरकारी, सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीतून आलेलं. म्हणजे शाळा ख्रिस्ती आणि पुस्तक सर्वांचं. तुमच्याकडे बरोबर उलटं आहे. घर आपलं, देवघर आपलं, शिकवणारी आई आपली, पण पुस्तक ख्रिस्ती. प्रार्थनेचा तास वेगळा काढता येतो. इतिहासाच्या धड्यात विणलेली श्रद्धा तशी उसवून काढता येत नाही.

अशी पुस्तकं अनेक वर्षं वापरलेल्या मराठी आयांशी माझा पत्रव्यवहार आहे. त्यांच्या अनुभवात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. पहिली दोन-तीन वर्षं सगळ्या खूश असतात, आणि त्यांचं खूश असणं रास्त आहे. अक्षरांचे उच्चार जोडून वाचायला शिकवण्याची पद्धत या पुस्तकांत पक्की असते. काही अभ्यासक्रम बालवाडीपासूनच कर्सिव्ह, म्हणजे अक्षराला अक्षर जोडून वळणदार इंग्रजी लिहायला लावतात. गणितात रोज सराव, रोज उजळणी. पाढे आणि शुद्धलेखनावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे फार घरचं वाटतं. बायबलमधला मजकूर या वयात गोष्टीपुरता असतो, नोहाची नाव आणि त्यात जोडीजोडीने चढणारी जनावरं. आई शेजारी बसलेली असते, प्रत्येक पान तिच्या डोळ्यांखालून जातं.

मग चौथी-पाचवी येते. मूल आता स्वतः वाचतं. आई धाकट्याकडे वळते, किंवा घरून नोकरी धरते, किंवा व्हिडिओवरचे तास लावून देते. शिक्षकांची मार्गदर्शिका प्लास्टिकच्या वेष्टनातच राहते. आणि नेमक्या याच इयत्तांमध्ये पुस्तक गोष्टी सांगायचं थांबून जगाबद्दल ठाम विधानं करू लागतं : पृथ्वी किती जुनी, माणूस आला कुठून, अमेरिका कोणाच्या इच्छेने उभी राहिली, बाकीचे धर्म काय आहेत. आई उठून गेली आणि लेखक येऊन बसला. तुमच्या मुलाने तो प्रश्न अकराव्या वर्षी विचारला, सातव्या वर्षी नाही, याचं कारण मला तरी यात दिसतं.

म्हणून अभ्यासक्रम सोडा की ठेवा, यावर माझं उत्तर विषयागणिक वेगळं आहे. गणित, स्पेलिंग, व्याकरण आहे तसं चालू ठेवा. वर्षाच्या मध्यात सगळं बदलून मुलांना हवेत सोडू नका. विज्ञान आणि इतिहास मात्र मुलाच्या पुढच्या इयत्तेपासून दुसरे घ्या, आणि मुलीच्या बाबतीत चौथीपासून.

विज्ञानाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे नुसतं "दोन्ही बाजू सांगू" म्हणून भागत नाही. या प्रकारच्या बऱ्याच प्रोटेस्टंट पुस्तकांत पृथ्वीचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास धरलेलं असतं, माणूस आणि डायनासोर एकाच दिवशी निर्माण झालेले असतात आणि खडकांचे थर नोहाच्या महापुराने घातलेले असतात. (कॅथलिक अभ्यासक्रमांचं सहसा तसं नसतं, त्या चर्चचं उत्क्रांतीशी भांडण नाही. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.) शास्त्र पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं सांगतं. सहा हजार आणि 454 कोटी यांच्यामध्ये मध्यममार्ग कुठून काढणार?

पुण्यात याल तेव्हा मुलाला वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीशी घेऊन जा, किंवा सिंहगडाच्या घाटात गाडी थांबवा. रस्ता काढताना कापलेल्या कातळात एकावर एक थर स्पष्ट दिसतात : खाली घट्ट काळा दगड, वर भोकाभोकांचा, गॅसचे बुडबुडे अडकून राहिलेला. मध्येच एखादा तांबडा पट्टा, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात लाव्ह्याचा वरचा भाग झिजून झालेल्या मातीचा. हा दख्खनचा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. त्याला बोट फिरवू दे त्या तांबड्या पट्ट्यावरून आणि विचारा, एकाच पुरात हे सगळं झालं असेल तर मध्ये माती व्हायला वेळ कधी मिळाला? पुस्तक खोटं म्हणून सांगायची गरज नाही, प्रश्न त्याचा तो पुढे नेईल.

पुस्तकांसाठी पैसे घालवायची गरज नाही. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, केंद्राच्या एनसीईआरटीचीही, आणि खान अकॅडमी आहेच. दहावीच्या बालभारतीत विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. आपलीच टिमकी वाजवायला नको म्हणून हेही सांगते की एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला. इकडच्या पुस्तकांवरही नजर ठेवावीच लागते. इतिहासासाठी चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग घ्या, शिवाजी महाराजांचा. मुलीला रोज दोन पानं मोठ्याने वाचायला लावा, इतिहासही होईल आणि मराठीही.

तुमच्या राज्यात हे बदलणं कायद्याने अगदी सोपं आहे. 1994 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच धरली. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवलं की झालं, त्या यादीत विज्ञानाचं नावही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या वाचक मात्र दरवर्षी मुलांच्या कामाची फाईल बांधून मान्यताप्राप्त परीक्षकाला दाखवतात. जर्मनीत तर शाळेत जाणं सक्तीचं असल्याने हा पर्यायच नाही. म्युनिकहून ज्यांनी विचारलं होतं त्यांनी हेच उत्तर समजावं.

"मोठेपणी कॉलेजात अडचण येईल का" असंही काही जणी विचारतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ॲबेका आणि बॉब जोन्स या प्रकाशनांच्या पुस्तकांवर आधारलेले एका ख्रिस्ती शाळेचे काही विषय प्रवेशासाठी मोजायला नकार दिला होता. 2005 मध्ये खटला झाला, 2008 मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि 2010 मध्ये अपिलातही तो टिकला. याचा अर्थ घरी शिकलेल्यांना कॉलेज मिळत नाही असा नाही, कितीतरी मुलांना मिळतं. पण नववीनंतरचं जीवशास्त्र कुठल्या पुस्तकातून झालं, हे कोणीतरी विचारू शकतं.

तुमच्या पत्रात आलेली नाही अशी एक गोष्ट विचारते. मुलं मैत्रिणीच्या को-ऑपला जातात का, म्हणजे चार-पाच कुटुंबं मिळून चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा वर्ग घेतात तिथे? जात असतील तर सभासदत्वाचा अर्ज काढून वाचा. अशा बऱ्याच ठिकाणी आईवडिलांकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात : बायबल निर्दोष आहे, येशू हाच एकमेव मार्ग आहे, अशा अर्थाचं. "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून सही ठोकू नका. तो कागद त्या लोकांसाठी गंभीर असतो, आणि उद्या दिवाळीचा फोटो बघून कोणी दुखावलं तर चूक त्यांची नसेल. मैत्रिणीला सरळ सांगा की सही करता येणार नाही, मुलं फक्त खेळाला आणि चित्रकलेला आली तर चालेल का. काही गट मोकळेपणाने हो म्हणतात. नाही म्हणाले तर मैत्री मैत्रीच्या जागी ठेवा.

हा फक्त हिंदू घरांचा प्रश्न आहे असं समजू नका. अहमदनगरकडच्या एक मराठी ख्रिस्ती बाई कॅनडातून लिहितात. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, पुस्तकातल्या प्रार्थना त्यांच्याच, तरी त्यांनी इतिहासाचं पुस्तक बदललं. का? तर त्यात भारत म्हणजे अंधार आणि तिथे दिवा घेऊन गेलेले मिशनरी, एवढंच. विल्यम कॅरी होते, पण ते मराठी शिकले, 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते कोणाकडून शिकले याचा पत्ता नाही. "माझ्या पणजोबांचा धर्म या पुस्तकात आहे, पण पणजोबा नाहीत," असं त्यांनी लिहिलंय. त्यांचं पत्र मी वेगळं काढून ठेवलंय.

नवऱ्याला "चालू दे" म्हणायचं असेल तर एक विषय त्याच्याकडे द्या. शनिवारी सकाळी मुलाबरोबर बसून पुढच्या आठवड्याची इतिहासाची पानं वाचायची, एवढंच काम. ती वाचल्यावर तो काय म्हणतो ते मला कळवा.

आणि पुण्याला परतायचं. टेक्सासमध्ये कागद ठेवायची सक्ती नाही म्हणून तिकडच्या आया काहीच ठेवत नाहीत, आणि इथल्या शाळेच्या खिडकीशी अडकतात. "लिव्हिंग सर्टिफिकेट?" "आम्ही घरी शिकवलं." "मग घरचं लिव्हिंग आणा." अतिशयोक्ती नाही, असं ऐकलेल्या आई आहेत. आजपासून प्रत्येक वर्षाची एक फाईल करा : कोणते विषय, कोणती पुस्तकं, महिन्यातून एक-दोन लिहिलेली पानं, तारखेसकट. वर्षातून एक प्रमाणित चाचणी घ्या, तिकडे ती घरबसल्या देता येते. त्याचा निकाल इथल्या मुख्याध्यापकांना काहीतरी छापील दाखवायला बरा पडतो. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे मुलाला वयानुसार वर्ग मिळायला हवा, पण खासगी शाळा आपापली चाचणी घेतातच. कुठेच जमलं नाही तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा आहेत. तुमची मुलं दोन वर्षांनी नेमकी त्याच वयात असतील. दहावीपर्यंत वेळ आलीच तर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं मंडळ, आहे, वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत, पुण्यात त्यांचं विभागीय केंद्रही आहे.

सगळ्यात अवघड जाणार आहे ते मराठी. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, सीबीएसई आणि आयसीएसई धरून. तुमचा मुलगा आठवीत येईल आणि त्याला जोडाक्षरं वाचता येत नसतील तर गणिताचं सगळं कौतुक पहिल्या चाचणीत विरून जाईल. मुलीला अजून वेळ आहे, मुलाला नाही. विज्ञान-इतिहासाचं पुस्तक बदलल्याने रोजचा जो वेळ सुटेल त्यातली वीस मिनिटं दुसरीच्या बालभारतीला द्या. अकरा वर्षांच्या मुलाला दुसरीचं पुस्तक देताना तो तोंड वाकडं करेल. धाकटीला शिकवायचं काम त्याच्यावर टाका, म्हणजे निमूट वाचेल.