‘ख्रिस्ताची राजेशाही’ की ‘ख्रिस्ताचे राजेपण’?

आगमनकाळातील (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांतील) प्रवचनासाठी ‘ख्रिस्ताच्या राजेशाहीचे चिंतन’ असे शीर्षक योग्य ठरेल की ‘ख्रिस्ताच्या राज्याचे चिंतन’, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते दोन्ही बाजूला ठेवून ‘राजेपण’ हा शब्द घ्यावा.

‘राजेशाही’ हे शासनपद्धतीचे नाव. ते लोकशाही, हुकूमशाही यांच्या पंक्तीत बसते. शिवाय ‘शाही’ म्हटले की थाटमाट डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील राजा, म्हणजे येशू, तर गाढवावर बसून यरुशलेमेत येतो. अँग्लिकन पंथाच्या जुन्या प्रार्थनाग्रंथात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी हाच उतारा नेमलेला आहे.

‘राज्य’ या शब्दाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. मूळ ग्रीक ‘बासिलेइया’ या शब्दात राजाची सत्ता आणि त्याचा मुलूख हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यांपैकी कोणता घ्यायचा हे बहुधा क्रियापद ठरवते. ‘इंग्रजांचे राज्य आले, गेले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा जमीन कोठून आलेली नसते, अंमल आलेला असतो. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेतील ‘तुझे राज्य येवो’ हे मराठी कानाला मुळीच परके वाटत नाही. ‘राज्यात प्रवेश’ म्हणताच मात्र सीमा असलेला प्रदेश मनात येतो. रोमी सुभेदार पिलात याच्यापुढे येशू म्हणतो, ‘माझे राज्य या जगाचे नाही’. तेथे ‘जगात’ असे न म्हणता षष्ठी योजली आहे, हे फार मोलाचे आहे. ते राज्य जगात नाही असे नव्हे, त्याचा उगम जगात नाही, आणि ग्रीक वाक्याचाही रोख हाच आहे. शीर्षकात ‘राज्य’ घातले, तर अर्थ उलगडणारे क्रियापदच सोबत उरत नाही.

‘राजेपण’ मात्र ‘आईपण’, ‘मोठेपण’ यांसारखे व्यक्तीला चिकटलेले असते. चिंतनाचा विषय तीच व्यक्ती आहे. ‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थच ‘अभिषिक्त’, आणि इस्राएलात राजाला तेलाने अभिषेक होत असे, त्यामुळे ते राजेपण नावातही आहे.

हा विषय आगमनकाळाला जुळतो का, अशी शंकाही प्रश्नात होती. तो जुळतो. पोप अकरावे पायस यांनी 1925 मध्ये सुरू केलेला ख्रिस्तराजाचा सण 1970 पासून आगमनकाळाच्या आदल्या रविवारी येतो. ‘आगमन’ ज्याचा अनुवाद आहे तो लॅटिन ‘आद्वेन्तुस’ रोमी सम्राटाच्या नगरप्रवेशासाठीही वापरला जाई.