सगळंच थोडंथोडं शिकून नोकरी कोण देणार?

मे-जून आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. यावेळी खापरखेड्याकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, आता भूविज्ञान आणि पर्यावरण एकत्र असलेल्या एमएस्सीला जायचंय. वडील बसता बसताच म्हणाले, "मॅडम, यात माती बी हाये, पाणी बी हाये, हवा बी हाये, नकाशे बी हायेत, मंग हिले नोकरी देईल कोण?"

काळजी अगदी रास्त आहे, उगाच धीर देण्यात अर्थ नाही.

मी मुलीला विचारलं, तुला नेमकं काय शोधायचंय? ती म्हणाली, आमच्याकडे पॉवर प्लांटची राख तळ्यात सोडतात, त्याचं पाणी विहिरींत झिरपतं का ते. मग आम्ही कागदावर लिहूनच काढलं की हे शोधायला कोण कोण लागतं. पाण्यात बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक किती ते केमिस्ट मोजणार, खाली दगड कुठला आणि पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते भूवैज्ञानिक सांगणार (नागपुरातच बघा, पश्चिमेला बसाल्ट हा लाव्हाचा खडक आणि पूर्वेला नाइस हा वेगळ्याच जातीचा खडक, विहिरी दोन्हीकडे सारख्या वागत नाहीत), राख कुठवर पसरली ते सॅटेलाइट इमेजवरून जीआयएसवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणारा, काढणार. म्हटलं यातलं स्वतःच्या हाताने काय करशील? तिने लगेच पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, लॅब!

असा कोर्स घ्यावाच, पण एक काम तरी असं पक्कं यायला हवं की लोक त्यासाठी आपल्याला बोलावतील, बाकीच्या विषयांचं दुसऱ्यांशी बोलता येण्याइतकं समजलं की चालतं.

वडिलांच्या डोक्यात सेमिनरी हिल्सचं जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) ऑफिस होतं. तिथे मला स्पष्ट सांगावं लागलं की जिओलॉजिस्टच्या पोस्टसाठी यूपीएससी जी परीक्षा घेते तिला जिओलॉजी किंवा त्याला जोडून असलेल्या ठरावीक विषयातलीच मास्टर्स लागते, पर्यावरण विज्ञानाची डिग्री चालत नाही. नेट या प्राध्यापकी-फेलोशिपच्या पात्रता परीक्षेचंही तेच, पर्यावरणवाल्यांना यूजीसी नेट आणि पृथ्वी विज्ञानवाल्यांना सीएसआयआर नेट. गेट या एमटेक-पीएचडीसाठीच्या परीक्षेला मात्र २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे. म्हणून डिग्रीवर नाव काय छापून येणार हे अ‍ॅडमिशनच्या आधीच विचारा, माहितीपत्रकातल्या छान छान शब्दांवर जाऊ नका, मला तर हे नाव गुणांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

आणि आपल्या नागपुरात तर या विषयाची माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरो आहे, रिमोट सेन्सिंगचं एमआरसॅक आहे, केंद्रीय भूजल मंडळाचं ऑफिस आहे. प्रोजेक्टसाठी अशा ठिकाणी आधीच मेल टाकायचा, शेवटच्या सेमिस्टरची वाट बघायची नाही.

तिने जीएसआयचा विचार सोडला आणि पर्यावरण विज्ञानाची एमएस्सी धरली. आता दोन विभागांना फोन करून विचारतेय की पाण्यातले धातू तपासायचं मशीन विद्यार्थ्यांना स्वतः चालवू देतात की नुसतं दाखवतात, आणि जिथे चालवू देतील तिथेच फॉर्म भरायचा असं बाप-लेकीचं ठरलंय.