गाड्या मोजण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि प्रबंधाचा आराखडा, दोन्ही मिळाले. इंडोनेशियातील एका कौटुंबिक बसकंपनीची वाढ हा विषय तू घेतला आहेस आणि त्यासाठी पश्चिम सुमात्रातील एनपीएम ही कंपनी निवडली आहेस, हे वाचून आनंद झाला. आराखड्याचे पहिले पान पाहून मात्र थोडी काळजी वाटली. त्या पानावर तू चार रकाने आखले आहेस: वर्ष, गाड्यांची संख्या, मार्गांची संख्या आणि उलाढाल. हे रकाने भरून देणारी माणसे तुला भेटतील, परंतु ते भरून झाल्यावरही कंपनी वाढली कशी हे तुला कळलेले नसेल, अशी मला दाट शंका आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. सुट्या भागांच्या व्यापारात मी मेदान आणि जकार्ता येथे बरीच वर्षे काढली. पहिल्याच वर्षी एका बसमालकाकडे किती ब्रेक लायनर खपतील याचा अंदाज घेण्यासाठी मी त्याच्या आवारात जाऊन उभ्या गाड्या मोजल्या, तो आकडा वरिष्ठांना कळवला आणि त्या हिशेबाने माल मागवला. निम्म्याहून अधिक माल गोदामात पडून राहिला, कारण त्यांतल्या कित्येक गाड्यांची चाके वर्षभर हललेली नव्हती. एकीचा गिअरबॉक्स काढून दुसरीत बसवलेला, तिसरीच्या काचा चौथीला लावलेल्या, आणि बाहेरून मात्र सगळ्यांचा रंग चकचकीत. संध्याकाळी फाटकापाशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजाव्यात, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती. फाटकापाशी उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे गाडीत कोण बसले आहे. या पत्रात मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचे आहे.

आपल्याकडे गावोगावच्या बसचा विचार एसटीपासून सुरू होतो आणि खासगी ट्रॅव्हल्स कंत्राटी परवान्यावर तिच्या कडेने धावतात. ते चित्र डोक्यातून काढून टाक. इंडोनेशियात दामरी ही सरकारी कंपनी 1946 पासून आहे, परंतु लांब पल्ल्याच्या वाहतुकीत ती अनेकांतली एक आहे. बाकीचा मोठा भार खासगी कंपन्यांनी उचलला आहे आणि त्यांतल्या बहुतेक एकेका घराच्या आहेत. अशा कंपनीला तिथे ‘पेरुसाहाआन ओतोबुस’, थोडक्यात ‘पेओ’, म्हणतात. प्रांताच्या सीमा ओलांडणाऱ्या मार्गाचा परवाना केंद्रीय वाहतूक मंत्रालय देते आणि त्या मार्गावर थांबे घेत, सुटी तिकिटे विकत गाडी चालवण्याचा हक्क खासगी मालकाला उघडपणे मिळतो. कंपन्यांची नावेही आपल्या कानाला परकी वाटत नाहीत: हारापान जया, सफारी धर्मा राया, पाहाला कन्चाना. त्यातला ‘पाहाला’ म्हणजे आपले फळ, पुण्यकर्माचे फळ या अर्थाने, आणि ‘कन्चाना’ म्हणजे कांचन. बाजारात हा शब्दसंग्रह फारसा उपयोगी पडत नाही, पण पहिल्या आठवड्यात धीर देतो.

आता एनपीएमकडे वळू. 1937 साली, डच अमदानीत, पाडांग पांजांग या डोंगरातल्या पावसाळी गावी बहाउद्दीन सुतान बारबांग्सो नान कुनिआंग यांनी ही कंपनी काढली. आद्याक्षरे ‘नाईकिलाह पेरुसाहाआन मिनांग’ या शब्दांची, अर्थ असा की मिनांगांच्या, म्हणजे पश्चिम सुमात्रातील मूळ समाजाच्या, कंपनीने प्रवास करा. कंपनीचे नावच आज्ञार्थी आहे, आणि गाडीत कोणी बसावे हेही त्यातच सांगितलेले आहे. पाडांगहून बुकिटतिंगीकडे जाणारा रस्ता आनाईच्या दरीतून, अगदी धबधब्याच्या कडेने चढत पाडांग पांजांगला येतो. मारापी आणि सिंगालांग या दोन पर्वतांच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात किनाऱ्याचे आणि डोंगराचे रस्ते एकत्र येतात. तुझ्या आराखड्यात ‘मुख्यालय लहान गावात असणे ही मर्यादा’ असे वाक्य आहे. नकाशा पुढ्यात घेऊन ते वाक्य पुन्हा तपासून पाहावे.

मिनांग समाजातील तरुणाने घर सोडून परमुलखात जाण्याच्या रीतीला ‘मरांताऊ’ म्हणतात. त्यांच्या एका जुन्या पद्याचा आशय असा आहे की, पोरा, आधी परगावी जा, घरात अजून तुझा काही उपयोग नाही. घर आणि वडिलार्जित जमीन तिथे आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे पुरुषाने बाहेर पडून कमावणे ही केवळ हौस राहिली नाही, ती समाजाची घडीच झाली. ही माणसे जकार्ताच्या तानाह आबांग बाजारात कापड विकू लागली, देशभर पाडांगी खाणावळी घालून बसली, आणि प्रत्येक खाणावळीमागे वर्षातून निदान एकदा घरी जाणारे, भाच्याला कामाला बोलावून घेणारे, आईला पैसे आणि खोकी पाठवणारे एक कुटुंब उभे राहिले. बसकंपनीची वाढ म्हणजे या येण्याजाण्याची वाढ. आधी मार्ग आखला आणि मग माणसे आली, असे तिथे क्वचितच घडले. माणसे आधीच गेलेली होती, कंपनीने त्यांची पायवाट परवान्यावर उतरवून घेतली. सुमात्राचा महामार्ग 1970 नंतरच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने सुधारत गेला आणि त्या पायवाटेला डांबर लागले, तेव्हा पाडांग–जकार्ता ही फेरी लांबची असली तरी नेमाची झाली.

दुसऱ्या समाजात हेच दिसते का, हे तू ताडून पाहा. एएलएस, म्हणजे ‘अंतार लिन्तास सुमात्रा’, ही कंपनी 1966 साली उत्तर सुमात्रातील मांडाइलिंग समाजाच्या भागात, कोतानोपान येथे सुरू झाली. तिचा संस्थापक एक नव्हता. सात जणांनी मिळून ती उभी केली, आणि सती लुबिस हे त्यांच्यातले पुढारी. मेदानहून पूर्व जावातील जेम्बेरपर्यंत जाणारी तिची गाडी जवळपास 3,000 किलोमीटर धावते, वाटेत सुमात्रा आणि जावा यांमधली सुंदा सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडते आणि कित्येक दिवस रस्त्यावर असते. एवढा प्रवास विमानाच्या जमान्यात कोण करतो, असे तुला वाटेल. टपाकडे पाहा म्हणजे उत्तर मिळेल: टपावर संसार बांधलेला असतो, मोटारसायकलसुद्धा. जो माणूस घर हलवतो आहे त्याला विमान परवडले तरी पुरत नाही.

तिकीटघर ही मी तुला आवर्जून बघायला सांगेन अशी दुसरी जागा. नव्वदच्या दशकात पाडांगच्या एका तिकीटघरात मी पूर्ण दुपार बसून होतो. काउंटरवरच्या इसमापुढे गाडीच्या आसनांचा छापील कागद होता, प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने नाव, आणि हाताशी खोडरबर. फोन आला की तो नाव विचारी, आणि बहुतेक वेळा नावाच्या आधी गाव विचारी. एका बाईंना त्याने मागच्या चाकावरचे आसन देण्याचे टाळले, कारण त्यांना दिवस गेले आहेत हे त्याला त्यांच्या दिराकडून कळले होते. एका तरुणाला पैसे जकार्ताला पोहोचल्यावर मामाकडून दे, असे सांगून बसवले. संध्याकाळपर्यंत कागद खोडून खोडून काळवंडला होता आणि एकही जागा रिकामी नव्हती. आज तो कागद मोबाइलमध्ये गेला आहे, पण उधारीवर कोणाला बसवायचे हे ठरवणारी अक्कल अजून कमिशनवर काम करणाऱ्या एजंटाच्या डोक्यात आहे. कंपनीच्या ताळेबंदात ती कुठे दिसते, हे शोधण्याचा प्रयत्न कर. मला सापडली नव्हती.

गाडीवरच्या माणसांबद्दल थोडे जपून लिहितो, कारण या भागात बाहेरचा अभ्यासक फार लवकर नैतिक होतो. चालक, त्याचा सहायक ‘कर्नेत’ आणि काही मार्गांवर वाहक, हे सगळे मिळून ‘क्रू’. त्यांना फेरीच्या उत्पन्नावर प्रीमियम, म्हणजे ठरावीक हिस्सा, मिळतो किंवा ठरलेली रक्कम मालकाकडे भरून उरलेली त्यांची, अशा पद्धती आहेत. वाटेत तिकिटाशिवाय घेतलेला, पैसे थेट क्रूच्या हाती देणारा प्रवासी ‘सारकावी’ म्हणून ओळखला जातो. मालकाला सारकावी म्हणजे गळती वाटते, क्रूला तो पगाराचा भाग वाटतो आणि रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या माणसाला तो मिळालेला आधार वाटतो. तू कोणत्या कंपनीत सारकावी बंद झाले आणि त्याच वर्षी प्रीमियम किती वाढवला, हे विचार. जिथे पहिले झाले आणि दुसरे झाले नाही, तिथे चांगले चालक निघून गेलेले आढळतील. 2009 च्या 22 क्रमांकाच्या कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तास ठरवले आहे आणि सलग चार तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली आहे. पाडांगहून सोलोककडे जाताना सितिंजाऊ लाऊइकचे चढ आणि वळणे एकदा पाहिलीस की, या कलमामुळे लांबच्या फेरीत दुसरा चालक का लागतो ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

उतरत्या काळाचा भाग तुझ्या आराखड्यात अर्ध्या पानात उरकला आहे, आणि माझ्या मते खरा विषय तिथेच आहे. 1997 च्या मध्यावर एका डॉलरला सुमारे 2,400 रुपिया पडत. पुढच्या वर्षी, आशियाई आर्थिक संकटात, तो भाव 16,000 च्याही वर गेला. आमचा माल आयात केलेला, त्यामुळे सकाळी दिलेली किंमत संध्याकाळपर्यंतच बांधील राहील, असे आम्ही कागदावर लिहून देत होतो. गाड्यांतून गाड्या जगवण्याची जी पद्धत मला मघाशी सांगितलेल्या आवारात ढिसाळपणाची वाटली होती, तिनेच त्या काळात अनेक घरांचा धंदा तगवला. ते संकट ओसरते तोवर स्वस्त विमाने आली. पाडांगचा नवा विमानतळ 2005 साली सुरू झाला आणि जकार्ता पावणेदोन तासांवर आले. दीड दिवस बसमध्ये बसणारा खाणावळवाला आता भाच्याचे तिकीट विमानाचे काढू लागला. पश्चिम सुमात्राच्या बसकंपन्यांची रया त्या दशकात गेली.

मग उलटे वारे वाहिले, आणि ते नेमके कसे वाहिले हे तू तारखा लावून मांडावेस. 2018 च्या अखेरीपासून देशांतर्गत विमानभाडी एकदम चढली आणि काही स्वस्त विमानांत सामानाचेही वेगळे पैसे पडू लागले. मार्च 2019 मध्ये सुमात्राच्या दक्षिण टोकाकडचा बाकाउहेनी–तेरबांगी बसार हा सुमारे 140 किलोमीटरचा टोलरस्ता खुला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुढे कायू आगुंगपर्यंत जोडला गेला. माणसे परत बसकडे वळली, तेव्हा एनपीएममध्ये तिसऱ्या पिढीचे अंगा विरचान्सा खैरुल सूत्रे हाती घेऊन उभे होते. नव्या चेसिस, मोजक्या आणि ऐसपैस आसनांची गाडी, आणि तिला नाव ‘सुतान क्लास’: सुतान ही मिनांग पुरुषाची पदवी, संस्थापकाच्या नावातही ती आहेच. कोविडच्या महासाथीत, एप्रिल 2020 मध्ये, सरकारने ईदच्या सणाला गावी जाण्यावर बंदी घातली, त्या काळातूनही कंपनी बाहेर आली. तुझ्या आराखड्यातले ‘तरुण नेतृत्वामुळे पुनरुज्जीवन’ हे शीर्षक मला अर्धेच पटते. रस्ता आणि विमानभाडे यांनी दार उघडले. तरुणाचे श्रेय एवढेच, आणि ते लहान नाही, की दार उघडले तेव्हा घरात कोणीतरी जागे होते.

वारशाचा प्रश्न मात्र घाईने विचारू नकोस. मिनांग रीतीत वडिलार्जित ‘उंच’ मालमत्ता आईच्या वंशात राहते, आणि स्वतः कमावलेली ‘नीच’, म्हणजे खालची, मुलांमध्ये वाटता येते. एका पुरुषाने कमावलेली बस दुसऱ्या प्रकारची. पण तीन पिढ्या ज्या नावावर समाजाने विश्वास टाकला, ते नाव कोणत्या प्रकारचे, हे विचारले की म्हातारी माणसे खूप वेळ बोलतात. त्यांना बोलू दे. तुलनेसाठी लोरेना पाहा: 1970 साली दोन गाड्यांनिशी बोगोर–जकार्ता मार्गावर सुरू झालेली, संस्थापकाने मुलीच्या नावावरून नाव दिलेली ही कंपनी 2014 साली शेअर बाजारात गेली. तिचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात, त्यामुळे तुझे चार रकाने तिथे सहज भरतील आणि प्रबंधाला एक सुबक तक्ता मिळेल.

तू पाडांगला विमानाने उतरणार असे लिहिले आहेस. परतीचे तिकीट मात्र बसचे काढ, मोबाइलवरून न काढता तिकीटघरात जाऊन, आणि चालकाच्या मागचे आसन माग. मध्यरात्री धर्मस्राया जिल्ह्यात (हे नाव म्हणजे उच्चार बदललेला आपला धर्माश्रय) गाडी जेवणासाठी थांबेल, तेव्हा क्रू कोणत्या टेबलावर बसतो आणि त्यांचे जेवण कोण देतो ते बघ. खाणावळवाल्याशी कंपनीचे नाते कसे आहे हे तिथेच उलगडेल. बाकाउहेनीहून जावाकडे निघणाऱ्या बोटीवर सगळे गाडीतून खाली उतरतात आणि बोलायला मोकळे असतात, ती दोन तासांची संधी झोपून घालवू नकोस. कोण कुठे उतरले, त्याला घ्यायला कोण आले होते आणि त्याच्याकडे किती खोकी होती, एवढे लिहून मला पाठव. चारऐवजी किती रकाने लागतात ते त्यानंतर ठरवू. पाडांग पांजांगला दुपारनंतर बहुधा पाऊस असतो, म्हणून वहीला प्लॅस्टिकचे वेष्टण घालून ने.

तुझा,
काका